कडीपाटाखालची खोली

सुरसागरावरून दांडिया बाजाराकडे चालत निघालं की दुकानांच्या पाट्या गुजराती दिसतात, पण बाजूच्या बोळांत कान दिला तर अजूनही मराठी ऐकू येतं. १७३४ साली दमाजीराव गायकवाडांनी बडोदं घेतलं. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, वैद्य, भिक्षुक आले आणि राहिले. आपली उसळ इथे शेव-उसळ होऊन गाड्यावर गेली आणि आता ती खायला अहमदाबादहून लोक येतात. घरांचंही थोडं तसंच झालं. बाहेरून पाहिलं तर कोरीव लाकडाचे आधार, गुजराती थाटाचा सज्जा. आत पाऊल टाकलं की चौक, ओसरी, माजघर, देवघर, भिंतीत कोनाडे आणि खुंट्या.

अशा प्रत्येक घरात एक खोली असतेच. दहा बाय आठची, दोन फूट जाड भिंतींची, एकच खिडकी आणि वर काळ्याभोर तुळया. तिथे दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो. बहुतेक घरांत ती खोली आता अडगळीची आहे: गाद्या, पितळेचे हंडे, गणपतीचं मखर. आमच्या वाड्यात तीच खोली मोठ्या काकूची आहे. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि लग्न होऊन आल्यापासून ती याच खोलीत राहते.

यंदा घरात प्रश्न निघाला तो वाड्याचा नव्हे, उजेडाचा. काकू मोत्यांची तोरणं करते, गुजराती पद्धतीचं मोतीकाम, पोपट-हत्ती-कळशांचं. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात तिचं तोरण असतं. गेल्या वर्षापासून तिने ते बाजूला ठेवलं होतं. वर्तमानपत्रही ओसरीवर जाऊन वाचायची, आणि ओसरीवर जायचं म्हणजे अकरा उंच पायऱ्यांचा जिना. चुलतभावाचं म्हणणं सरळ होतं: तिला गोत्रीच्या फ्लॅटमध्ये न्यावं, तिथे हॉलला मोठी काचेची खिडकी आहे. काकूचं म्हणणं त्याहून सरळ होतं: "मी कुठे जात नाही. बारी उघडा, अजवाळं येऊ द्या." बडोद्याच्या जुन्या मराठीत खिडकी 'बारी' असते आणि उजेड 'अजवाळं'. पण बारी तर उघडीच होती.

काकू हलली की वाड्यात कोणी उरत नाही, आणि रिकामा वाडा फार दिवस वाडा राहत नाही. आपल्यापैकी कित्येकांनी हे आपल्या गल्लीत पाहिलेलं आहे. म्हणून आधी एक खोली उजळून पाहायची, मग बाकीचं बोलायचं, असं ठरलं.

अंधाराचा दोष सगळ्यांनी पहिल्याच बैठकीत तुळयांवर टाकला. या छताला कडीपाट म्हणतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांचा पाट आणि त्यावर मातीचा थर घालून वरच्या मजल्याची जमीन. आमचं लाकूड सागवानी आहे, डांगच्या जंगलातलं असं वडीलधारे सांगत आले. सुताराने बोटाच्या पेराने तुळई ठोकून पाहिली आणि म्हणाला, "पाटडो पक्को छे." गुजरातीत तुळईला पाटडो म्हणतात, आढ्याच्या मोभाला मोभच म्हणतात, आपल्यासारखं. आणि घरातल्या कर्त्या माणसाला 'मोभी'.

बैठकीत तीन सूचना आल्या. एक, तुळया पांढऱ्या रंगवाव्यात. दोन, खाली पीओपीचं छत मारावं आणि त्यात गोल दिवे बसवावेत. तीन, काही करू नये, मोठी ट्यूबलाईट लावावी. तिसरी सूचना वीस वर्षांपूर्वीच अमलात आलेली होती. ट्यूब भिंतीवर वरच्या अंगाला होती, तिचा वर जाणारा सगळा उजेड काळ्या लाकडात गडप व्हायचा आणि खाली बसलेल्याच्या डोळ्यांत नुसती झगमग यायची.

पीओपीला माझा ठाम विरोध होता आणि कारण सौंदर्याचं नव्हतं. लाकडी छताची तब्येत डोळ्यांनी पाहावी लागते. वाळवीची मातीची नळी, पावसाळ्यात फळीवर उठलेला ओलसर डाग, तुळईच्या टोकाशी भिंतीजवळ पडलेली भेग: हे दिसलं तर एका दिवसाच्या कामात निभावतं. वर छत मारलं की हे सगळं पाच-सात वर्षं आत चालू राहतं आणि मग एक दिवस छतच खाली येतं. माझ्या कामात ज्या सिस्टिमचे लॉग बंद केलेत तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. इथे तर खाली काकू झोपते. शिवाय नऊ फुटांच्या खोलीतले आठ-नऊ इंच कमी झाले असते, आणि लहान खोलीत ते डोक्यावर येतात.

तुळया पांढऱ्या करायला तत्त्वतः हरकत नाही. बऱ्याच घरांत केल्या आहेत आणि बऱ्या दिसतात. पण सागावर एकदा ऑइल पेंट चढला की तो परत काढणं जन्माचं काम होतं. आणि मुख्य म्हणजे त्याची गरज नाही, हे मोजल्यावर कळतं. छताकडे नीट पाहा. आमच्या दहा फुटांत तुळया तीनच, प्रत्येकी नऊ-दहा इंच रुंद. कड्या धरल्या तरी वर दिसणाऱ्या भागातला निम्म्याहून जास्त भाग मधल्या फळ्यांचा होता. त्या फळ्या कधीकाळी पोपटी ऑइल पेंटने रंगवलेल्या होत्या. चुलीचा धूर, उदबत्त्या आणि समया यांनी त्यांना तुळयांसारखंच काळं केलं होतं. म्हणजे आम्ही ज्याला काळं लाकूड म्हणत होतो त्यातलं अर्धं काजळीचं होतं.

दोन दिवस नुसती झाडझूड झाली. आधी कोरड्या मऊ ब्रशने, वरून खाली. मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, एका वेळी हातभर भाग, आणि लगेच कोरडं पुसून. लाकडावर पाणी ओतायचं नाही. बादल्या शाईसारख्या काळ्या झाल्या. तुळईचा रंग खाली आला तेव्हा तो काळा नव्हताच. गडद मधासारखा तपकिरी होता, आणि एका तुळईच्या बाजूला सुताराच्या तासणीच्या खुणा ओळीने दिसू लागल्या. तिथे मी सुताराशी थोडा भांडलो. त्याला लगेच अळशीचं तेल पाजायचं होतं. तेलाने लाकूड निरोगी दिसतं पण एक छटा गडदही होतं, म्हणून जिथे लाकूड अगदी रखरखीत होतं तिथेच एक पातळ हात दिला आणि तासाभराने उरलेलं पुसून घेतलं. अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक पसरून उघड्यावर वाळवा आणि मगच फेका.

फळ्यांवरचा जुना पोपटी रंग जिथे पक्का होता तिथे त्यावरच हात दिला, जिथे सुटला होता तिथे खरवडला. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरड्या पॉलिश पेपरने घासायचं नाही. पाण्याने ओला करून खरवडायचा, तोंडाला चांगला मास्क, आणि तेवढे दिवस म्हातारी माणसं-मुलं दुसरीकडे. काकू आत्याकडे गेली. मग फळ्यांना प्रायमर आणि सायीसारख्या पांढऱ्याचे दोन मॅट हात. मॅटच. चकचकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि म्हाताऱ्या डोळ्यांना ते टोचतं.

भिंतींचा हिशोब वेगळा होता. खालच्या चार फुटांना चॉकलेटी ऑइल पेंट, 'मळखाऊ' म्हणून लावलेला. जाड चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर यायला वाट शोधते; ऑइल पेंटने वाट अडवली की फुगे येतात, पोपडे पडतात, आणि आपण म्हणतो जुन्या घराला ओल फार. पोपडे काढले आणि चुनाच दिला. कळीचा चुना आठवडाभर भिजत ठेवून, गाळून, ताकासारखा पातळ करून, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी ओली करायची, पातळ हात द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. पहिला हात दिल्यावर भिंत करडीच दिसते आणि घरातले सगळे तोंडं वाकडी करतात. चुना सुकतानाच पांढरा होतो. तिसऱ्या हाताला भिंत शांत उजळली. कपड्याला थोडा चुना लागतो, हे मान्य. पलंगाच्या बाजूला काकूने चटई टांगली आणि प्रश्न मिटवला.

यामागे साधा गुणाकार आहे. गडद चॉकलेटी पृष्ठभाग पडलेल्या उजेडापैकी दहाएक टक्के परत देतो, मॅट पांढरा सुमारे ऐंशी. खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात पोचणारा उजेड किमान दोन ठिकाणी आपटून येतो असं धरा. पांढऱ्यावर दोनदा आपटला तर शंभरातले चौसष्ट उरतात; चॉकलेटीवर दोनदा आपटला तर एक. खोली लहान असेल तर हा फरक जास्तच जाणवतो, कारण तिथे उजेड प्रत्येक दोन पावलांवर कशावर तरी आपटतोच.

पण उजेड मुळात आत यायला हवा, आणि खरा चोर तिथे सापडला. काकूची खिडकी चौकात उघडते. आमचा चौक नऊ फूट रुंद आणि चोवीस फूट खोल, म्हणजे जवळजवळ विहीरच. बडोदं साधारण बावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि चौकाच्या तळाला ऊन शिवून जातं. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला चव्वेचाळीस अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन उत्तरेच्या भिंतीवर वरून फार तर नऊ फूट उतरतं. त्याच्या खाली जो येतो तो भिंतीवरून परतलेला उजेड. बांधणाऱ्यांना हे माहीत असावं, कारण चौकाच्या भिंती दर वर्षी दसऱ्याआधी चुन्याने पांढऱ्या व्हायच्या, काकूला तो वास अजून आठवतो. पुढे चौकावर कबुतरं आणि पाऊस नको म्हणून हिरवा फायबरचा पत्रा आला आणि भिंतींना 'टिकाऊ' तपकिरी रंग लागला. सरकारवाड्याच्या हिशोबात हे देखभालीचं काम होतं; उजेडाच्या हिशोबात आम्ही विहिरीवर झाकण घातलं होतं.

हिरवा पत्रा काढला. त्याजागी पारदर्शक पॉलिकार्बोनेट, कठड्यापासून फूटभर उंच, म्हणजे गरम हवा बाजूने निघून जाते, आणि त्या फटीला कबुतरांसाठी जाळी. चौकाच्या भिंतींना चुना. आणि खिडकीचं खोबण, म्हणजे जाड भिंतीतला तो दोन फुटांचा तिरका भाग, जो आतल्या बाजूला रुंद होत जातो. तो तिरका उगीच केलेला नाही. खिडकी छोटी ठेवून उजेड पसरवायचा तो उपाय आहे. आमच्याकडे तोही चॉकलेटी होता आणि त्याच्या अर्ध्या भागासमोर लोखंडी कपाट उभं होतं. कपाट समोरच्या भिंतीला गेलं. फोनवरच्या मापकाने (तो अचूक नसतो, पण आधी-नंतरची तुलना करायला पुरतो) काकूच्या खुर्चीपाशी दुपारी बाराला आधी चाळीस लक्स येत होते. दिवा न लावता ते एकशेतीसच्या आसपास गेले.

मधल्या एका दुपारी रावपुऱ्यातला तांबेकरवाडा पुन्हा पाहून आलो. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत चित्रं बघितली होती: महाभारत, कृष्णाच्या लीला, इंग्रज-मराठे लढाई. या वेळी मी चित्रांपेक्षा वर जास्त पाहत होतो. लाकूड तिथेही गडद आहे. पण भिंत डोळ्याला इतकं काही देते की वरचं लाकूड ओझं वाटत नाही, चौकट वाटतं. तिथून परतल्यावर तुळया न रंगवण्याबद्दल घरात मला फारसं बोलावं लागलं नाही, कारण चुलतभावालाही बरोबर नेलं होतं.

संध्याकाळच्या दिव्यांचं काम शेवटी. पण त्याआधी वायरिंग. कापडी वेष्टनाच्या वायरी तुळईवर खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. लाकडी वाडा कसा जळतो हे पुण्याच्या शनिवारवाड्याने १८२८ मध्ये दाखवलं आणि इंदूरच्या राजवाड्याने १९८४ च्या दंगलीत. इंदूरकर वाचकांना ते सांगायला नको. सगळ्या वायरी बदलल्या, धातूच्या नळीतून नेल्या, एमसीबी आणि आरसीसीबी बसवले. या खर्चात काटकसर करू नये.

मग दिवे. खोली ऐंशी चौरस फुटांची, म्हणजे साडेसात चौरस मीटर. सरासरी दीडशे लक्स हवे तर साधारण अकराशे लुमेन खाली पोचायला हवेत. अर्धे वाटेत जातात असं धरलं तर सव्वादोन हजार लुमेन, म्हणजे बावीस-पंचवीस वॉटचे एलईडी. एवढंच. जुन्या ट्यूबहून जास्त वीज नाही, फक्त दिशा उलटी. दोन तुळयांच्या बाजूंना, खालून दिसणार नाहीत अशा, एलईडीच्या पट्ट्या लावल्या आणि त्यांचं तोंड वर, पांढऱ्या फळ्यांकडे केलं. उजेड फळ्यांवर पडतो आणि तिथून मऊ होऊन खाली येतो. तुळया आता उजळ फळ्यांच्या मधल्या रेघांसारख्या दिसतात. चुलतभाऊ म्हणाला, छत वर गेलं. छत तिथेच आहे.

खुर्चीशेजारी एक वाकणारा दिवा वेगळा दिला. म्हातारपणी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानाने तिसरा हिस्सा उजेड पोचतो असं प्रकाशयोजनेच्या पुस्तकांत सांगतात. म्हणून आपल्याला पुरतो तेवढा उजेड आजी-काकूंना पुरेल असं धरू नये. दिव्याच्या खोक्यावर वॉटशिवाय आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, रंग: तीन हजार केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड सागाला आणि चुन्याला शोभतो, साडेसहा हजारांच्या पांढऱ्यात तीच खोली दवाखान्यासारखी दिसते. दुसरी, सीआरआय हा आकडा. नव्वदच्या वर असेल तर रंग रंगासारखे दिसतात, कमी असेल तर जवळचे रंग एकमेकांत मिसळतात. काकूने तोरणं का सोडली याचं उत्तर इथे होतं. तिचे हात थरथरत नव्हते. तिला निळा मणी आणि हिरवा मणी वेगळा ओळखता येत नव्हता, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

एकूण खर्च एकेचाळीस हजार झाला, त्यात वायरिंग आणि चौकावरचं छप्पर सर्वांत जड. नुसत्या पीओपीचा आकडा याच्या निम्मा होता. चुना तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, आणि पॉलिकार्बोनेट दर महिन्याला कोणीतरी वर चढून धुवायला हवं. पाळ्या लावल्या आहेत, पाहू. जिना अजून तसाच अंधारा आहे. वाड्याचं बोलणं चुलतभावाने दिवाळीपर्यंत पुढे ढकललं आहे. पुढे ढकललंय, सोडलेलं नाही.

काकू परत आली त्या दिवशी तिने वर एकदा पाहिलं, तुळयांवरच्या तासणीच्या खुणांकडे बोट दाखवून "हे कधी कोरलं?" म्हणून विचारलं आणि पोळ्यांचं विचारायला खाली गेली. आठवडाभराने मी गेलो तर दाराचं तोरण तिच्या मांडीवर होतं, गेल्या वर्षी तिने केलेलं शेवटचं. ती ते उसवत होती. पोपटाच्या पंखात निळे मणी गेले होते, म्हणाली, एवढे दिवस कोणी बोललं कसं नाही?